नेल्को: रेडिओच्या पेटीपासून उपग्रहाच्या जोडणीपर्यंत

इंदूरहून उज्जैनच्या रस्त्याला लागलं की साधारण निम्म्या वाटेवर सांवेर येतं. इंदूरच्या मराठी माणसाला हे नाव दोन कारणांनी ओळखीचं. एक तिथला उलटा हनुमान, आणि दुसरं म्हणजे शहराच्या त्या अंगाला पसरलेली ‘सांवेर रोड’ची औद्योगिक वसाहत. बाकी ते माळव्यातल्या चारचौघांसारखं तालुक्याचं गाव आहे. काळी जमीन, खरिपाला सोयाबीन, रब्बीला गहू आणि बटाटा.

अशा गावांत बँकेच्या शाखेच्या गच्चीवर, एटीएमच्या डोक्यावर किंवा पेट्रोलपंपाच्या खोलीवर कधीकधी एक पांढरी छत्री दिसते. टीव्हीच्या छत्रीपेक्षा ती मोठी असते आणि तिच्या तोंडाशी जाडजूड पेटी असते. टीव्हीची छत्री नुसती ऐकते, ही बोलतेसुद्धा. देशात अशा छत्र्यांचं जाळं चालवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. त्यांतली टाटांची नेल्को ही नवी मुंबईतल्या महापे इथल्या एमआयडीसीतली. तिची वाढ समजून घेताना एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या धंद्यात पैसा उपकरणात फारसा नाही, तो जोडणी चालू ठेवण्यात आहे. नेल्को मोठी झाली ती यंत्रं बनवण्याचे एकेक उद्योग सोडत सोडत.

छत्री करते काय

या छत्रीला धंद्यात व्हीसॅट म्हणतात. तिचा व्यास साधारण एक ते सव्वा मीटर. तोंडाशी दोन वस्तू असतात. पहिली एलएनबी. उपग्रहाकडून आलेला अतिशय क्षीण संदेश ती उचलते आणि वाढवते. दुसरी बीयूसी, बसवणारी मंडळी तिला ‘बक’ म्हणतात. आतल्या मोडेमकडून आलेला संदेश ती वरच्या वारंवारतेवर नेते आणि आकाशात सोडते. या बकची ताकद बहुतेक ठिकाणी एक-दोन वॉट, म्हणजे घरातल्या झिरोच्या दिव्यापेक्षाही कमी. एवढ्या ताकदीवर संदेश छत्तीस हजार किलोमीटर वर जातो आणि तिथून परत खाली येतो, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. गुपित दुसऱ्या टोकाला आहे. तिथे हब असतो. त्याची छत्री कित्येक मीटर व्यासाची आणि यंत्रणा तगडी असते, म्हणून गावातली छत्री लहान आणि स्वस्त ठेवता येते.

सांवेरची शाखा उज्जैनच्या शाखेशी थेट बोलत नाही. दोघीही हबशीच बोलतात. हबमध्ये चोवीस तास माणसं बसलेली असतात, कुठल्या गावाची जोडणी पडली ते पडद्यावर बघत. ग्राहक दरमहा पैसे मोजतो ते या पाळतीचे आणि उपग्रहावरच्या भाड्याच्या जागेचे. छत्रीचे पैसे एकदाच द्यायचे असतात.

सांवेरहून उपग्रह कुठे दिसतो

सांवेर सुमारे २३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. हा रेखांश जवळजवळ उज्जैनचाच. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात मध्यरेषा म्हणून मान होता तो याच रेषेला. योगायोग असा की भारताच्या दळणवळण उपग्रहांची एक हक्काची जागा ७४ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर आहे, म्हणजे या मध्यरेषेच्या दोन अंशांच्या आत. ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडलेला, ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ तिथेच आहे. तेव्हा सांवेरच्या गच्चीवर उभं राहून या जागेकडे छत्री वळवायची तर ती जवळपास नाकासमोर दक्षिणेला आणि क्षितिजापासून ६३ अंश वर करावी लागते. इमारत किंवा झाड क्वचितच आड येतं. काश्मीरमध्ये हाच कोन बराच कमी भरतो आणि डोंगर आडवे येतात.

तिथून उपग्रहापर्यंतचं अंतर सुमारे ३६,४०० किलोमीटर. छत्री एका अंशाने चुकली तर तिकडे सहाशे किलोमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून बसवणारा माणूस होकायंत्र आणि कोनमापक घेऊन अंदाजे दिशा धरतो, आणि मग मोडेमवरचा सिग्नलचा आकडा बघत नट अर्धा-पाव आटा फिरवत बसतो. स्लॅबला भोकं पाडायला घरमालक तयार नसेल तर लोखंडी चौकट ठेवतात आणि तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे रचतात. वळिवाच्या वाऱ्यात ती हलू नये एवढं वजन लागतं. मग अर्थिंग तपासायचं. या कामातले जुने लोक सांगतात की निम्म्या तक्रारी आकाशातल्या नसतातच, त्या अर्थिंगच्या आणि सैल कनेक्टरच्या असतात. शेवटी हबला फोन लावून चाचणी द्यायची. आपला संदेश शेजारच्या वाहिनीत सांडत नाही ना, हे तिथले लोक बघतात आणि मगच हिरवा कंदील देतात.

संदेश वर जाऊन खाली यायला पाव सेकंदाच्या किंचित आत वेळ लागतो. विचारणा आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. एटीएमला हे चालतं. माणसांच्या बोलण्यात मात्र ते जाणवतं आणि दोघं एकदमच बोलायला लागतात.

दोन शत्रू आहेत. पहिला पाऊस. व्हीसॅटच्या केयू-बँडच्या लहरी पावसाचे थेंब शोषतात, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात माळव्यात मोठी सर आली की वेग उतरतो, कधी जोडणीच तुटते. दुसरा सूर्य. वर्षातून दोनदा तो काही दिवस उपग्रहाच्या नेमका मागे येतो आणि त्याच्या रेडिओ-कोलाहलात उपग्रहाचा आवाज काही मिनिटं बुडून जातो. सांवेरच्या अक्षांशावर हे मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घडतं. ७४ अंशांवरच्या उपग्रहासाठी त्याची वेळ येते दुपारी साडेबाराच्या आसपास, म्हणजे बँकेत ऐन गर्दीच्या वेळी. याची वेळापत्रकं आधीच निघालेली असतात. तरी काउंटरवरचा माणूस ‘सर्व्हर डाउन’ एवढंच म्हणतो.

आर्वीची थाळी आणि शेअर बाजार

महाराष्ट्राचा उपग्रहाशी संबंध जुना आहे. पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये ‘विक्रम’ भूस्थानक सुरू झालं. त्याच्या अँटेनाचा व्यास २९.७ मीटर होता. परदेशी फोन आणि तार लघुलहरी रेडिओऐवजी उपग्रहावरून जाऊ लागले ते इथून. ते उभारण्यात भारतीय अभियंत्यांचा मोठा वाटा होता. डॉ. विक्रम साराभाईंनी अहमदाबादला १९६७ पासून चालवलेल्या प्रायोगिक भूस्थानकात ती माणसं तयार झाली होती. पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर, अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना दूरदर्शन दाखवलं गेलं. मध्य प्रदेश त्यांत होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या त्या छत्र्या हैदराबादच्या ईसीआयएलने तयार केल्या. सरकारी प्रयोग म्हणून तो अप्रतिम होता. पण धंदा उभा राहायचा तर पैसे देणारं गिऱ्हाईक लागतं, आणि ते यायला आणखी जवळपास वीस वर्षं जायची होती.

ते आलं मुंबईच्या शेअर बाजारातून. राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी समभागांचे व्यवहार सुरू केले तेव्हा पहिले व्यवस्थापकीय संचालक आर. एच. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे साधा पेच होता. इंदूर, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतल्या दलालाला मुंबईच्या दलालाइतक्याच क्षणी भाव कसा दिसणार? टेलिफोनच्या तारांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी दलालांच्या गच्च्यांवर व्हीसॅट चढवले. दलाल स्ट्रीटवरचा ओरडा-ओरडीचा बाजार वर्षभरात उलाढालीत मागे पडला. त्यामागे बाकीही कारणं होती, पण त्या छत्र्यांशिवाय हे झालं नसतं. भारतातल्या खासगी व्हीसॅट व्यवसायाला पहिली भरघोस मागणी मिळाली ती इथे. नंतर बँका आल्या, एटीएमं आली. पंपावर किती लिटर विकलं याचा हिशोब मुख्यालयाला लगोलग हवा असलेल्या तेल कंपन्याही आल्या.

सोयाबीनचा भाव आकाशातून

माळव्याच्या वाट्याला यातला सगळ्यात गमतीचा अध्याय आला. आयटीसीने जून २००० मध्ये मध्य प्रदेशातल्या सोयाबीन पट्ट्यात ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातल्या एका वजनदार शेतकऱ्याच्या घरी संगणक ठेवायचा आणि त्याला ‘संचालक’ म्हणायचं. त्याच्या पडवीत बसून गावाने आसपासच्या मंड्यांचे भाव, हवामान आणि आयटीसी देऊ करत असलेला दर बघायचा. तोवर शेतकऱ्याला भाव कळायचा तो गाडी मंडीत उभी राहिल्यावर. तिथून माल परत नेणं परवडत नसे, म्हणून मिळेल तो दर घ्यावा लागे.

कल्पना चांगली होती, पण अडलं दळणवळणाशी. गावातल्या फोनच्या तारेवर इंटरनेट चालेना. वीज कधी असे, कधी नसे. मग आयटीसीने घराच्या छपरावर सौरपट्टे आणि शेजारी व्हीसॅटची छत्री बसवली. त्या काळी एका छत्रीला लाखाच्या वर खर्च येई, आणि हा खर्च शेतकऱ्याने नव्हे, कंपनीने उचलला. सोयाबीनची खरेदी थेट झाल्याने मधल्या हाताळणीचा जो खर्च वाचला, त्यातून तो भरून निघाला. दशकाच्या शेवटाला देशात सुमारे साडेसहा हजार ई-चौपाल होत्या. आयटीसीच्या एस. शिवकुमार यांचं हे काम व्यवस्थापनाच्या वर्गांत अजून शिकवलं जातं.

उपग्रह कंपन्यांना यातून एक धडा मिळाला. शेतकऱ्याला इंटरनेट विकायला जाऊ नका, शेतकऱ्याकडून खरेदी करणाऱ्याला विका. पुढे मोबाइलचे टॉवर आल्यावर यातल्या बऱ्याच छत्र्यांची गरज संपली.

नेल्को: पेट्या विकण्याचा काळ

नेल्कोचा जन्म १९४० मध्ये मुंबईत झाला. पूर्ण नाव नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनी. त्यातलं ‘एको’ इंग्लंडच्या रेडिओ बनवणाऱ्या ई. के. कोल कंपनीकडून आलं. ज्यांच्या घरी एकेकाळी लाकडी पेटीचा नेल्को रेडिओ होता, त्यांना ही कंपनी आज उपग्रहाच्या धंद्यात आहे हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९७१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी ही कंपनी रतन टाटांच्या हवाली केली. तेव्हा घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तिचा वाटा दोन टक्के होता आणि तोटा विक्रीच्या चाळीस टक्के. पुढच्या काही वर्षांत वाटा वीस टक्क्यांवर गेला आणि तोटाही भरून निघाला. मग आणीबाणीच्या काळातली मंदी आली आणि १९७७ मध्ये कामगारांशी संघर्ष झाला. संप, त्यानंतर सात महिन्यांची टाळेबंदी. रेडिओ-टीव्हीच्या बाजारात नेल्को पुन्हा तशी उभी राहिली नाही. रतन टाटांच्या चरित्रांत हे प्रकरण अपयशाच्या रकान्यात टाकलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. कंपनी मेली नाही, तिने गिऱ्हाईक बदललं. घरातल्या माणसाला पेटी विकणं सोडून ती उद्योगांना आणि सरकारी खात्यांना इलेक्ट्रॉनिक्स पुरवू लागली. मोटरींची गती सांभाळणारे ड्राइव्ह, रेल्वेच्या इंजिनातली यंत्रणा, दूर बसून कारखान्यावर नजर ठेवणारी स्काडा.

व्हीसॅटचा धंदा आधी या यादीतला एक उद्योग म्हणूनच आला. परवाना ‘टाटानेट’ या उपकंपनीकडे होता आणि उपकरणांची विक्री नेल्को करत असे.

नेल्को: पेट्या सोडण्याचा काळ

२०१० मध्ये नेल्कोने रेल्वे, स्काडा आणि ड्राइव्ह हा सगळा भाग क्रॉम्प्टन ग्रीव्हजला ९२ कोटींना विकला. कंपनीच्या इतिहासातला हा माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय. कारखान्यात तयार होणारी, वजन असणारी वस्तू विकून टाकली आणि आकाशातली भाड्याची जागा ठेवली.

दुसरी पायरी २०२१ ची. टाटानेट नेल्कोतच विलीन झाली आणि उपकरणांचं काम ‘नेल्को नेटवर्क प्रॉडक्ट्स’ या उपकंपनीकडे गेलं. म्हणजे पूर्वी परवाना उपकंपनीकडे आणि माल मुख्य कंपनीकडे होता, आता उलट झालं. कंपनी स्वतःला काय समजते, ते अशा कागदांवरून जितकं कळतं तितकं जाहिरातींवरून कळत नाही. हबचा गाभा आणि मोडेम जगभर मुख्यतः अमेरिकेच्या आणि इस्रायलच्या मोजक्या कंपन्या बनवतात. त्यात उतरून नव्याने स्पर्धा करण्यापेक्षा तीच यंत्रं आणून हजारो ठिकाणी चालती ठेवणं भारतात जास्त किफायती आहे.

मधल्या काळात जहाजं आणि विमानं आली. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने त्यासाठी नियम केले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईत नेल्कोने देशातली पहिली सागरी ब्रॉडबँड सेवा सुरू केली. वर्षभराने ‘विस्तारा’ एअरलाइनच्या बोइंग ७८७ विमानांत पॅनासॉनिकच्या जोडीने वाय-फाय दिलं. किनाऱ्यावर सगळे मोबाइलला चिकटलेले, आणि पंधरा-वीस मैल समुद्रात आत गेलं की काहीच नाही. तेव्हा ही बाजारपेठ तारांनी किंवा टॉवरने हिरावून घेण्यासारखी नव्हती.

तरी आकार ध्यानात ठेवायला हवा. टाटा पॉवरकडे निम्मी मालकी असलेल्या या कंपनीची वार्षिक विक्री अलीकडे तीनशे कोटींच्या आसपास फिरते. टाटांच्या पसाऱ्यात ती किरकोळ रक्कम आहे.

धंद्याची चावी दिल्लीत

हा धंदा वाढला कसा, यापेक्षा इतकी वर्षं वाढला का नाही, हा प्रश्न जास्त बोधक आहे.

नव्वदच्या दशकात खासगी कंपन्यांना परवाने मिळाले ते ‘बंद गटा’साठी. बँकेने आपल्या शाखा जोडाव्यात, पण त्या छत्रीवरून शेजाऱ्याला फोन किंवा इंटरनेट देऊ नये. एका छत्रीला किती वेग द्यायचा यावरही बंधन होतं. बराच काळ ते ५१२ केबीपीएस एवढं होतं. आज फोनवर साधा व्हिडिओ पाहायला त्याहून जास्त लागतं. प्रत्येक छत्रीसाठी वारंवारतेची मंजुरी वेगळी, जागेची वेगळी, चाचणी वेगळी. उपग्रहावरची जागा इस्रोच्या व्यापारी कंपनीमार्फतच घ्यायची, आणि ती कायम अपुरी.

वर उत्पन्नातला हिस्सा सरकारला द्यायचा. उत्पन्न म्हणजे नेमकं काय, यावरचा वाद ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला तेव्हा चर्चा सगळी मोबाइल कंपन्यांची झाली. पण १९९२ पासून भारतात असलेल्या ह्यूज या व्हीसॅट कंपनीलाही सुमारे ६०० कोटींची मागणी आली आणि तिने दुकान बंद करावं लागेल असं सरकारला कळवलं. हजारो बँक शाखा तिच्या छत्र्यांवर चालत होत्या. कंपनी बंद पडली नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअरटेलबरोबर तिची संयुक्त कंपनी झाली, त्यात ह्यूजचे ६७ टक्के आणि एअरटेलचे ३३.

२०२० नंतर दारं उघडत गेली. अंतराळ क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं करण्यासाठी ‘इन-स्पेस’ संस्था स्थापन झाली. परवान्यांच्या अटी सैल झाल्या. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहाचा स्पेक्ट्रम लिलावाऐवजी सरकारने नेमून द्यायचा, असं ठरलं. मच्छीमारांसाठीही सरकार पुढे आलं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला ३६४ कोटींच्या योजनेचा प्रारंभ झाला, ज्यात एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत.

खालच्या कक्षेतली गर्दी

आता उपग्रह छत्तीस हजारांवर न ठेवता बाराशे किलोमीटरवर (वनवेब) किंवा साडेपाचशेवर (स्टारलिंक) फिरते ठेवतात. त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. पण असा उपग्रह डोक्यावरून काही मिनिटांत निघून जातो, म्हणून शेकड्यांनी लागतात. वनवेबचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्याच एलव्हीएम-३ यानांनी वर नेले.

होकायंत्र घेऊन दक्षिण शोधणाऱ्या माणसाचं कसब इथे फारसं लागत नाही. सपाट अँटेना स्वतःच उपग्रहांच्या मागे वळते. फक्त उघडं आकाश हवं.

नेल्कोने जुलै २०२५ मध्ये युटेलसॅटशी वनवेबची सेवा भारतात देण्याचा करार केला. त्याच्या महिनाभर आधी स्टारलिंकला परवाना मिळाला होता. दर ठरवण्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये शिफारस केली. कंपन्यांनी उत्पन्नाच्या चार टक्के द्यावेत आणि खालच्या कक्षेतल्या सेवेच्या शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये. ग्रामीण ग्राहकाला ते माफ. सांवेरला नगर परिषद आहे. ही शिफारस लागू झाली आणि सांवेरला शहर म्हणून धरलं, तर पेठेतल्या दुकानाच्या जोडणीमागे कंपनीला हे पाचशे भरावे लागतील आणि वेशीबाहेरच्या सोयाबीनच्या शेतातल्या जोडणीमागे लागणार नाहीत.